हिरकणीला साडीचोळी, आमच्या पोराला पोलिसांची धमकी

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा. घरात कॉम्प्युटरच्या नादी लागलेलं पोरगं किंवा पोरगी असेल तर नक्कीच वाचा.

गेल्या सोमवारी संध्याकाळी दुकानाचं शटर ओढत होतो, तेवढ्यात आमच्या आळीतला एक पोरगा आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. हातात निन्टेन्डो स्विचचा डबा. पुण्याच्या मामाने वापरून दिलेला, २०१७ च्या पहिल्या लॉटमधला. डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काका, हे विकून टाका. आई म्हणते घरात नको."

"का रे, काय झालं?" असं विचारलं तर पोराचे डोळे भरून आले.

झालं होतं ते असं. एका संस्थेच्या संकेतस्थळावर त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. पावती उघडली तर वरच्या पत्त्यात शेवटी एक नंबर दिसला. याने सहज तो एकाने वाढवला. समोर दुसऱ्याच मुलीचा अर्ज! फोटो, आधार नंबर, जातीचा दाखला, बँकेचं खातं, सगळं. पोरगा घाबरला, पान बंद केलं आणि संस्थेला व्यवस्थित ईमेल लिहिला, की तुमच्या साइटवर कुणालाही कुणाचीही कागदपत्रं दिसतात, कृपया दुरुस्त करा. खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबरही दिला. लपवायचं काही नव्हतंच ना.

आठव्या दिवशी फोन आला. "तू हॅकिंग केलंयस. सायबरला तक्रार देतो. करिअर संपेल तुझं." आळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुणीतरी त्याच्या आईला जाऊन सांगितलं, "वहिनी, तो गेमचं मशीनपण हॅक करतो म्हणे." झालं. त्या माउलीने मशीन घराबाहेर काढलं.

साइटवरचं ते भोक मात्र गुपचूप बुजवलं गेलं. आभाराचा एक शब्द नाही. ज्या मुलांची कागदपत्रं उघडी पडली होती त्यांनाही कुणी काही कळवलं नाही.

तेव्हा आज मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. गेमचं मशीन "हॅक" करतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि ते समजणाऱ्या पोरांना गुन्हेगार ठरवून आपण स्वतःचं किती नुकसान करतोय. मी बावीस वर्षं कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्त करतोय, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो.

आधी कुलूप समजून घ्या.

गेम कन्सोल म्हणजे आतून साधा कॉम्प्युटरच. फरक एवढाच की कंपनीने शिक्कामोर्तब केलेलाच प्रोग्रॅम त्यावर चालतो. बटण दाबलं की सगळ्यात आधी चिपमध्ये कोरलेला एक छोटासा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बूटरॉम म्हणतात. तो पुढच्या प्रोग्रॅमचा शिक्का तपासतो. तो प्रोग्रॅम त्याच्या पुढच्याचा तपासतो. असं करत करत शेवटी गेमचा शिक्का तपासला जातो. ही झाली विश्वासाची साखळी. एकाने दुसऱ्याची ओळख पटवायची, दुसऱ्याने तिसऱ्याची.

आता ही साखळी एका घावात तुटत नाही. देवगिरीचा किल्ला पाहिलाय ना? तटामागून तट, मग खंदक, मग ती अंधारी. एक दरवाजा फोडला म्हणून किल्ला हाती येत नाही. कन्सोलचंही तसंच आहे. एक चूक शोधून पहिल्या दरवाजातून आत शिरायचं, दुसरी चूक शोधून पुढचा दरवाजा उघडायचा, तिसरी वापरून बालेकिल्ला गाठायचा. अशा एकापुढे एक जोडलेल्या चुकांच्या माळेला एक्स्प्लॉइट चेन म्हणतात. सिनेमात दाखवतात तसं काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळवून दहा सेकंदांत काही होत नाही. महिनोन् महिने डोकं घालावं लागतं.

पहिला दरवाजा: बाहेरून येणारी माहिती.

मशीन बाहेरून जे काही वाचतं, म्हणजे सेव्ह केलेला गेम, वेबपान, क्यूआर कोड, पेन ड्राइव्ह, तिथे शिरायला जागा असू शकते. माझं आवडतं उदाहरण निन्टेन्डोच्या वी या मशीनचं, २००८ सालचं. झेल्डा मालिकेतल्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेममध्ये आपल्या घोड्याला नाव देता येतं. गेम सेव्ह केला की ते नावही फाइलमध्ये जातं. काही जणांनी त्या फाइलमध्ये घोड्याचं नाव मर्यादेपेक्षा खूप लांब घातलं. गेमने ते वाचताना लांबी तपासलीच नाही.

म्हणजे काय झालं? ग्रामपंचायतीचं रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. नावाच्या रकान्यात वीस अक्षरांची जागा आहे. कुणी दोनशे अक्षरांचं नाव सांगितलं आणि क्लार्क न थांबता लिहीतच गेला, तर अक्षरं शेजारच्या रकान्यात शिरणार. आणि त्या शेजारच्या रकान्यात "पुढे काय करायचं" हा आदेश लिहिलेला असेल तर? घोड्याचं नाव सांगणाऱ्यानेच आदेश लिहून टाकला! मशीन मुकाट्याने तो पाळतं. याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

२०१४ मध्ये निन्टेन्डो थ्रीडीएसवर असाच प्रकार 'क्युबिक निन्जा' नावाच्या गेममधून झाला. त्यात खेळाडूने बनवलेली लेव्हल क्यूआर कोडने दुसऱ्याला देता यायची. त्या कोडमध्येच गोम निघाली. कुणी ढुंकून न पाहणाऱ्या त्या गेमचे भाव एका रात्रीत चढले.

दुसरा दरवाजा: कोंडवाडा.

आत शिरलात म्हणजे जिंकलात असं नाही. आता मशीनं शहाणी झाली आहेत. ब्राउझर किंवा गेम एका बंद खोलीत चालवतात, त्याला सँडबॉक्स म्हणतात. त्यात बाहेरून आणलेला नवा कोड चालू देत नाहीत. मग लोकांनी युक्ती काढली. नवं काही लिहायचंच नाही, आत आधीपासून असलेल्या कोडचेच तुकडे उचलून आपल्याला हव्या त्या क्रमाने लावायचे. पेपरातली अक्षरं कापून, चिकटवून निनावी पत्र करतात ना, अगदी तसं. त्यावर कंपन्यांनी प्रत्येक वेळी कोडची जागाच बदलायला सुरुवात केली, म्हणजे अक्षर कुठल्या पानावर आहे हेच कळू नये. मग पुढच्यांना आधी एक वेगळी चूक शोधावी लागते, जिच्यातून आतला पत्ता बाहेर फुटतो. पत्ता सांगणारी चूक वेगळी, दार उघडणारी वेगळी. म्हणून चेन लांबत जाते.

तिसरा दरवाजा: कर्नल.

कर्नल म्हणजे मशीनचा कारभारी. कुणाला काय द्यायचं, काय नाही, हे तो ठरवतो. तो हाती आला की बहुतेक मशीन हाती आलं. प्लेस्टेशन ४ वर बरीच वर्षं हाच रस्ता चालला: आधी ब्राउझरमधली चूक, मग कर्नलमधली. २०२१ मध्ये तर कर्नलची चूक पेन ड्राइव्ह वाचण्याच्या भागात निघाली.

आणि २०२४ मधली गोष्ट ऐका. अँडी न्गुएन या संशोधकाने दाखवलं की नेटवर्कची केबल लावून थेट प्लेस्टेशन ४ च्या कर्नलमध्ये शिरता येतं. ब्राउझर नको, काही नको. पीपीपीओई म्हणजे ब्रॉडबँडला नाव-पासवर्ड टाकून जोडतात ती पद्धत, तिच्या कोडमध्ये चूक होती. ती चूक २००६ सालीच नोंदवली गेली होती! जुना, फुकट मिळणारा कोड उचलून नव्या मशीनमध्ये बसवला आणि त्याबरोबर जुनं भोकही आलं. अठरा वर्षं कुणी त्या कोपऱ्यात झाडू मारला नाही.

प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने कर्नलच्याही वर हायपरव्हायझर म्हणून आणखी एक पहारेकरी बसवला. आता कर्नल हाती आला तरी त्याचा कोड बदलता येत नाही, नुसता वाचताही येत नाही. बालेकिल्ल्याच्या आत आणखी एक बालेकिल्ला.

आणि सगळ्यात खालचा दगड: बूटरॉम.

आमच्या पोराच्या मशीनची गोष्ट इथली आहे. स्विचमध्ये एनव्हिडिया कंपनीची टेग्रा एक्स-१ ही चिप आहे. तिच्या बूटरॉममध्ये, दुरुस्तीसाठी यूएसबीवरून बोलायची एक सोय होती. समोरचा कॉम्प्युटर "मला इतकी माहिती दे" असं सांगायचा आणि बूटरॉम ती लांबी न तपासता माहिती कॉपी करत सुटायचा. पुन्हा तेच ग्रामपंचायतीचं रजिस्टर! एप्रिल २०१८ मध्ये केट टेम्किन यांनी आणि फेलओव्हरफ्लो या गटाने स्वतंत्रपणे हे जाहीर केलं. त्या दुरुस्तीच्या अवस्थेत मशीन न्यायला महागडी यंत्रं लागत नव्हती, लोकांनी कागदाला लावायच्या क्लिपनेही ते काम केलं.

बाकीच्या चुका अपडेटने बुजवता येतात. पण बूटरॉम चिपमध्येच कोरलेला असतो. कारखान्यातून बाहेर पडला की संपलं. मार्च २०१८ पर्यंत पावणेदोन कोटींच्या वर स्विच विकले गेले होते आणि त्यांतल्या एकालाही घरबसल्या दुरुस्त करता येणार नव्हतं. नव्या मशीनमध्ये मग सुधारणा झाली. टेम्किन यांनी कंपन्यांना हे आधीच कळवलं होतं, हे लक्षात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, "हे सगळं ठीक आहे, पण गेमच्या मशीनचं आम्हाला काय?"

इथेच खरा मुद्दा आहे. नीट वाचा.

ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अहमद मन्सूर या मानवी हक्क कार्यकर्त्याच्या आयफोनवर एक मेसेज आला. तुरुंगातल्या छळाची माहिती देतो म्हणून सोबत लिंक होती. त्यांनी लिंक दाबली नाही, टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला पाठवली. तपासल्यावर तीन चुकांची माळ निघाली. पहिली वेबकिटमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या इंजिनात. दुसरी कर्नलचा पत्ता फोडणारी. तिसरी कर्नल ताब्यात घेणारी. ओळखीचं वाटतंय ना? वर सांगितलेले दरवाजे, त्याच क्रमाने. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं ते पेगासस. ॲपलने काही दिवसांत अपडेट काढून ती भोकं बुजवली.

पुढे मार्च २०१७ मध्ये स्विच बाजारात आलं. त्यात एक लपलेला ब्राउझर होता, सार्वजनिक वायफायला लॉगिन करायला लागतो तेवढ्यापुरता. त्याचं वेबकिट जुनं निघालं आणि पेगाससने वापरलेली तीच पहिली चूक त्यात जशीच्या तशी होती! मशीन बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत हौशी लोकांनी ते दाखवून दिलं. आणि त्याच मार्च महिन्यात मन्सूर यांना अटक झाली. पुढे त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

चूक तीच होती. एका माणसाच्या मागे सरकार लागलं तेव्हा ती हत्यार झाली. दुसरीकडे पोरांनी ती खेळण्यावर दाखवली आणि सगळ्या जगाला कळलं की इथे भोक आहे.

आपल्याकडेही हे दूरचं नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने भारतातल्या ज्या लोकांना "तुमच्या फोनवर हल्ला झाला" असं कळवलं, त्यात नागपूरचे एक वकीलही होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. त्यांतल्या पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे सिद्ध झालं नाही. २०२२ मध्ये हे न्यायालयात सांगितलं गेलं, सरकारने सहकार्य केलं नाही हेही सांगितलं गेलं. बाजू कुठलीही असो, एवढं तर मान्य कराल की अशा हल्ल्यांची नस ओळखणारे लोक आपल्याकडे असायला हवेत. ते कुठे तयार होतात? वर्गात नाही. जुन्या कन्सोलवर, रात्री जागून तयार होतात.

कंपन्यांना हे कळायला वेळ लागला. सोनीचंच बघा.

प्लेस्टेशन ३ वर सुरुवातीला लिनक्स टाकायची अधिकृत सोय होती. अमेरिकेच्या हवाई दलाने तर सतराशेहून जास्त प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभा केला होता. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या पोराने मशीनच्या पहारेकऱ्याला चकवलं. सोनीने १ एप्रिल २०१० ला अपडेट काढून लिनक्सची सोयच काढून टाकली. पैसे देऊन घेतलेल्या मशीनमधली सोय, नंतर परत घेतली!

हुशार लोक चिडले. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लोने सोनीच्या शिक्क्यातली चूक भर सभेत मांडली. चूक ऐकून हसू येईल. प्रत्येक वेळी शिक्का मारताना एक नवा, कुणालाच माहीत नसलेला आकडा लागतो. सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती. दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणं सोडवलीत ना? दोन समीकरणं, दोन अज्ञातं. दोन शिक्के हातात आले आणि मधला आकडा एकच असला, की गुप्त किल्ली गणिताने बाहेर येते. म्हणजे कुलूप फोडायची गरजच नाही, मालकाचा शिक्काच बनवता येतो.

जानेवारी २०११ मध्ये हॉट्झने मुख्य किल्ली जाहीर केली आणि सोनीने त्याच्यावर खटला भरला. एप्रिलमध्ये तडजोड झाली. त्याच एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर हल्ला झाला, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. ते प्रकरण वेगळं होतं, सर्व्हरवरचं. पण धडा एकच: वकील लावून भोक बुजत नाही.

हीच सोनी २०२० मध्ये काय करते? जाहीर बक्षीस योजना काढते. प्लेस्टेशन ४ मधली गंभीर चूक दाखवा, ५० हजार डॉलर आणि त्याहून जास्त घेऊन जा. मघाशी सांगितलेल्या त्या अँडी न्गुएनला ब्लू-रे डिस्कमधून शिरणाऱ्या चेनसाठी २० हजार डॉलर मिळाले आणि नेटवर्कवाल्या चुकीसाठी साडेबारा हजार. दहा वर्षांत कंपनी कोर्टाच्या पायरीवरून बक्षिसावर आली. शहाणपण आलं म्हणा, नाहीतर हिशेब जमला म्हणा.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये तुम्ही सांगालच.

याच चेनचा वापर करून लोक चोरलेले गेम चालवतात. टीम एक्झेक्युटर नावाच्या टोळीने असली साधनं विकून पैसा केला. त्यांतल्या एकाला, गॅरी बाउझरला, २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली आणि निन्टेन्डोला द्यायची रक्कम तर कोटी डॉलरच्या वर गेली. मी चोरीचं समर्थन करत नाही. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, आपल्या ओळखीतली पोरंही तिथे असतील. गेम चोरला की पोटावर पाय त्यांच्याही येतो. माझ्या दुकानात कुणी "गेम भरून द्या" म्हणून आलं तर मी सरळ नाही म्हणतो.

पण विळ्याने भाजी चिरतात आणि गळाही चिरता येतो, म्हणून आपण विळा घराबाहेर काढत नाही.

आपला कायदाही हा फरक ओळखतो, निदान अर्धवट तरी. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण मालकाच्या परवानगीने सुरक्षा तपासायला किंवा एन्क्रिप्शनच्या संशोधनासाठी तोडलं तर सूट. आयटी कायद्याचं कलम ४३ म्हणतं, मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरू नका. आता गंमत बघा. आमच्या पोराच्या स्विचचा मालक तो स्वतः आहे. चोरलेला गेम त्यात एकही नाही, मी तपासलंय. म्हणजे आईने जे घराबाहेर काढलं तेच सगळ्यात निर्धोक होतं! अडचण आहे ती त्या संकेतस्थळाची, कारण त्याचा मालक तो नाही. हेतू चांगला होता, स्वतःहून कळवलं, एका पानावर थांबला, तरी त्याला "तू सुरक्षित आहेस" असं स्पष्ट सांगणारी ओळ आपल्या आयटी कायद्यात नाही. धमकी देणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो धमकी देतो.

याचा परिणाम काय होतो? जो चांगला आहे तो गप्प बसतो. जो वाईट आहे तो कधी ईमेल लिहीतच नाही, तो थेट माहिती विकतो. धमकी देऊन आपण फक्त चांगल्याला घाबरवतो.

रायगडाची हिरकणी आठवा. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, घरी तान्हं लेकरू, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी काय केलं असं आपली आख्यायिका सांगते? "परवानगीशिवाय गड उतरलीस" म्हणून कैद केली? नाही. साडीचोळी देऊन तिचा मान केला आणि जिथून ती उतरली तिथेच बुरूज बांधला. म्हणजे भोक दाखवणाऱ्याचा सत्कार केला आणि भोक बुजवलं. आज जगभरच्या कंपन्या ज्याला बक्षीस योजना म्हणतात, ती अक्कल आपण चौथीच्या पोरांना गोष्ट म्हणून सांगतो. आणि मोठे झाल्यावर विसरतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयाच्या, शाळा-कॉलेजच्या, पतसंस्थेच्या संकेतस्थळावर "त्रुटी कळवा" म्हणून एक ईमेल ठळक असू द्या. आलेल्या पत्राला उत्तर द्या.

२. कुणी चूक दाखवली तर आधी चूक दुरुस्त करा, मग आभार माना, आणि ज्यांची माहिती उघडी पडली त्यांना कळवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. घाबरायचंच असेल तर त्याला घाबरा, पोराला नको.

३. चांगल्या हेतूने चूक शोधून कळवणाऱ्याला आयटी कायद्यात स्पष्ट संरक्षण द्या. आपले आमदार-खासदार ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. एकदा सभागृहात विचारा तरी.

आणि पोरांनो, तुम्हालाही चार शब्द. स्वतःच्या मशीनवर काय वाट्टेल ते करा, ते बिघडलं तर मी दुरुस्त करून देईन. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय "बघू काय होतंय" करू नका. चुकून काही दिसलंच तर तिथेच थांबा, दुसऱ्याची माहिती साठवू नका, कुणाला फॉरवर्ड करू नका. लेखी कळवा. केंद्र सरकारच्या सर्ट-इनकडे अशा त्रुटी कळवायची सोय आहे, तिथेही पाठवा. आणि कळवण्याआधी एका मोठ्या माणसाला सोबत घ्या. आमचा पोरगा तिथेच चुकला. एकट्याने कळवलं म्हणून त्याला एकटा गाठला.

काल मी त्याच्या घरी जाऊन आलो. वहिनींना रजिस्टरची गोष्ट सांगितली, घोड्याच्या नावाची सांगितली. हसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, हुशार आहे ते कळतंय हो. पण उद्या पोलीस दारात आले तर तुम्ही याल का?"

मी म्हटलं, "येईन."

तुम्ही याल का, ते कमेंटमध्ये लिहा. विशेषतः आपल्या तालुक्यातल्या वकील मंडळींनी लिहा.

स्विचचा डबा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तीन गिऱ्हाइकं विचारून गेली. विकणार नाही. ज्या दिवशी पोरगा मागायला येईल, त्या दिवशी परत देईन.